लोकांचे वकील : सार्वजनिक काका

पुण्याच्या पर्वती टेकडीवरील श्रीदेवदेवेश्वराचे देवालय सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. श्रीमंत नानासाहेब पेशवे यांनी ते १७४९ साली बांधून पूर्ण केले आणि १७६१ साली पानिपतच्या आघातानंतर त्याच पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. या देवालयाशी पेशवाईचा वैभवकाळ जसा जोडलेला आहे, तशीच आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. ती मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. महाराष्ट्रातील संघटित सार्वजनिक कार्याचा उगम या देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून झाला, आणि त्या तक्रारींना योग्य वळण लावून त्यांतून एक मोठी संस्था उभी करणारा पुरुष म्हणजे कै. गणेश वासुदेव जोशी. महाराष्ट्र त्यांना सार्वजनिक काका या नावाने ओळखतो.

काका व्यवसायाने वकील होते. आज वकील म्हटले की कोर्टात पक्षकाराची बाजू मांडणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. मराठेशाहीत या शब्दाला दुसराही अर्थ होता. परदरबारी जाऊन आपल्या धन्याचे म्हणणे मांडणाऱ्या मुत्सद्द्यालाही वकीलच म्हणत. पेशव्यांचे दिल्ली येथील वकील म्हणून हिंगणे घराण्याने कित्येक वर्षे कामगिरी केली. काकांच्या आयुष्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले. कोर्टात ते पक्षकारांचे वकील होते; सरकारदरबारी ते रयतेचे वकील झाले. या दुसऱ्या वकिलीला कोणत्याही राजाची सनद त्यांच्याजवळ नव्हती. लोकांनी सही करून दिलेला कागद हीच त्यांची सनद.

साताऱ्याचे संस्कार

काकांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. त्या वेळी साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते. शहरात रस्ते, पाणी आणि विद्या यांची सोय व्हावी म्हणून झटणारा हा राजा प्रजेला प्रिय होता. १८३९ साली इंग्रज सरकारने महाराजांवर आरोप ठेवून त्यांना पदच्युत केले आणि काशीस धाडले. काका त्या वेळी दहा-अकरा वर्षांचे होते. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते हे वकील म्हणून विलायतेस गेले. परक्या मुलखात, पैशाची ओढाताण सोशीत, सुमारे चौदा वर्षे ते तेथे झगडले. त्यांना यश आले नाही. १८४८ साली इंग्रजांनी सातारचे राज्यच खालसा केले.

राज्य गेले, दरबार मोडला, आणि न्याय मागावयाचा तर तो परक्या सरकारच्या कायद्याने व परक्या सरकारच्या कचेरीत मागावा लागणार, हे त्या पिढीच्या साताऱ्यातील प्रत्येक जाणत्या माणसाला कळून चुकले. पोटापाण्यासाठी अनेक तरुण सातारा सोडून पुण्याकडे वळले. त्यांतच गणेश वासुदेव हेही होते. पुण्यास त्यांनी आरंभी सरकारी कचेरीत नोकरी केली. पुढे परीक्षा देऊन वकिलीची सनद मिळविली आणि स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

जमिनीचे कागद आणि कोर्टाची पायरी

त्या काळच्या पुण्यातील वकिलीचे स्वरूप ध्यानात घेतल्याशिवाय काकांच्या पुढील कार्याचा उलगडा होत नाही. पेशवाई बुडून पन्नास वर्षे होत आली होती. इनामे, वतने, देवस्थानच्या जमिनी यांच्या हक्कांची इनाम कमिशनने कसून तपासणी केली होती. जुने मोडी कागद पेटीतून काढून पुरावा म्हणून दाखवावे लागत. ज्यांचे कागद गहाळ झाले, त्यांचे हक्कही धोक्यात आले. अशा वेळी कायदा जाणणारा माणूस हाच घराण्याचा आधार असे.

शेतकऱ्याची स्थिती याहून कठीण होती. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी व आकारणी सुरू झाली होती. ती तीस वर्षांच्या मुदतीची होती. मुदत संपण्याच्या सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि १८६१ ते १८६५ या काळात कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला. या तेजीच्या दिवसांनंतर, १८६७ पासून, फेरआकारणी होऊ लागली आणि सारा पुष्कळच वाढला. तोपर्यंत कापसाचा भाव उतरला होता. भाव गेला, सारा मात्र राहिला. सारा भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ लागला.

सावकाराचा रोखा आणि कोर्टाचा कायदा यांची गाठ पडली तेव्हा शेतकऱ्याचे हाल झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. कर्जदाराचे जुने ओझे राहू नये असा त्यात हेतू होता. व्यवहारात उलटे घडले. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. शेतकरी निरक्षर, कागदावर काय लिहिले आहे हे न कळता तो अंगठा उठवी. दावा लागला तरी तालुक्याच्या कोर्टात जाण्याची त्याला धास्ती वाटे. तो हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. मग जमीन गहाण पडे, बैल जात, घर जाई.

कोर्टात वावरणाऱ्या वकिलास हे सारे रोज समोर दिसत होते. काकांनी ते पाहिले आणि कोर्टातील वादाची मुळे कोर्टाबाहेर आहेत हे ओळखले.

पर्वतीचा कारभार

पेशवाईनंतर पर्वती संस्थानासाठी सरकारातून नेमणूक चालू राहिली आणि कारभार पंचांकडे आला. हा कारभार नीट चालत नाही, देवाच्या पैशाची व्यवस्था योग्य होत नाही, अशा तक्रारी १८७० च्या आधीपासून पुण्यात वाढू लागल्या. देवस्थान सर्वांचे असल्यामुळे तक्रारही सर्वांची होती. घराघरांत, पारापारांवर कुरबुर होत असे. मात्र कुरबुरीला सरकारदरबारी किंमत नसते. चार माणसे तक्रार घेऊन गेली, तर तुम्ही कोण आणि कोणाच्या वतीने बोलता, असा सवाल त्यांना सहज करता आला असता. आणि त्याला कायद्याच्या दृष्टीने उत्तर नव्हते.

हीच अडचण काकांच्या वकिली बुद्धीने हेरली. कोर्टात उभे राहणाऱ्या वकिलाजवळ पक्षकाराने दिलेले वकीलपत्र असते, म्हणूनच न्यायाधीश त्याचे म्हणणे ऐकून घेतो. मग लोकांच्या वतीने बोलणाऱ्याजवळ लोकांचे वकीलपत्र का नसावे? पर्वतीच्या प्रश्नासाठी जमलेल्या मंडळींनी तेवढ्यापुरतेच काम करून न थांबता एक कायमची प्रातिनिधिक संस्था काढावी, असा विचार पुढे आला. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली. औंधचे अधिपती श्रीमंत श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे अध्यक्ष झाले आणि चिटणीसपदाची जबाबदारी काकांनी उचलली.

पन्नास सह्यांचा नियम

सभेचा एक नियम मोठा अर्थपूर्ण होता. ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. वर्गणी भरली, पदवी आहे, घराणे मोठे आहे, एवढ्याने सभासदत्व मिळत नसे. या नियमानुसार आरंभी पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. मतपेटी, मतदारयादी, निवडणूक हे शब्द खेडोपाडी पोहोचण्यास अजून दोन पिढ्या जावयाच्या होत्या. त्या काळी प्रतिनिधी कसा असावा याचा एक धडाच या नियमाने घालून दिला.

सरकारचे कायदे व हेतू लोकांस समजावून द्यावेत आणि लोकांची गाऱ्हाणी सरकारास कळवावीत, हे सभेचे मुख्य उद्दिष्ट होते. गणेश वासुदेव जोशी यांचे नाव सभेशी इतके एकरूप झाले की लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. पुढे मूळ नाव मागे पडले आणि हेच नाव राहिले. १८७१ साली महादेव गोविंद रानडे न्यायखात्याच्या नोकरीनिमित्त पुण्यास आले. रानड्यांचा सखोल अभ्यास आणि काकांची अखंड धडपड यांचा संयोग झाला. सरकारी नोकर असल्याने रानड्यांस उघडपणे पुढे येण्यास मर्यादा होत्या. अर्ज करणे, सभा भरविणे, माणसे जोडणे ही कामे काकांनी सांभाळली. सीताराम हरी चिपळूणकर यांचेही त्यांना मोठे साह्य झाले.

एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. सभेचे बहुतेक सभासद सरदार, इनामदार, सावकार, वकील आणि पेन्शनर यांच्यापैकी होते. शूद्र-अतिशूद्रांना जेथे जागा नाही तिला सार्वजनिक कसे म्हणावे, अशी कठोर टीका महात्मा जोतीराव फुले यांनी केली. ती टीका खरी होती. सर्व गावाच्या नावाने चालणाऱ्या कामात सर्व गाव आहे की नाही, हा प्रश्न फुल्यांनी विचारला आणि तो आजही प्रत्येक संस्थेने स्वतःस विचारावा असा आहे. काकांच्या सभेने नियम उत्तम घालून दिला. त्या नियमाचा विस्तार सर्व समाजापर्यंत नेण्याचे काम मात्र पुढील पिढ्यांना करावे लागले.

रयतेची बाजू

सभेने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी. त्यासाठी १८७२ च्या सुमारास समिती नेमली गेली. जमीन किती, पीक किती, सारा किती, कर्ज किती, अशी माहिती जमवून १८७३ साली सभेने आपला अहवाल प्रसिद्ध केला. साऱ्याची वाढ शेतकऱ्यास झेपण्यापलीकडची आहे, असे त्यात दाखविले होते. साऱ्याविरुद्ध सर्व बाजूंनी तक्रारी आल्यानंतर ऑक्टोबर १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीस मर्यादा घातली. संपूर्ण तालुक्याच्या आकारणीत शेकडा ३३, एका गावावर शेकडा ६६ आणि एका खातेदारावर शेकडा १०० यांहून अधिक वाढ करू नये, असे ठरले. या आकड्यांवरूनच आधीची वाढ कोणत्या थराला गेली होती हे ध्यानात येते.

तरीही उशीर झालाच होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. सावकारांची घरे-दुकाने लुटली गेली. शेतकऱ्यांचा मुख्य रोख पैशावर नव्हता. कर्जरोखे, गहाणखते आणि हिशेबाच्या वह्या हाती घेऊन जाळणे हा त्यांचा हेतू होता. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे त्याच्या अंगास सहसा धक्का लागला नाही. पुणे व नगर जिल्ह्यांत दंगे पसरले आणि सुमारे साडेनऊशे माणसे पकडली गेली.

या घटनेतून काकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक व्यवहारी धडा घेतला. १८७६ च्या सुमारास पुण्यात लवाद कोर्ट निघाले. दोन्ही पक्षांच्या संमतीने पंच नेमावेत, त्यांनी दोघांचे म्हणणे ऐकून, कागद पाहून, तडजोड घडवून आणावी आणि सरकारी कोर्टाचा खर्च, हेलपाटे व वैर टाळावे, अशी ती योजना होती. आपल्याकडील जुन्या गोतसभेची व पंचायतीची परंपरा नव्या पद्धतीने चालू करण्याचाच तो प्रयत्न होता. कोर्टातील दावे हेच ज्याचे उत्पन्न, त्या वकिलाने दावे कोर्टात जाऊ नयेत म्हणून झटावे, ही गोष्ट काकांच्या मनाची घडण सांगून जाते. पुढे १८७९ साली सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, तडजोडीस संधी द्यावी, गावपातळीवर मुनसफ असावेत, या तरतुदी त्यात आल्या. पंचांमार्फत समेट हे तत्त्व अशा रीतीने कायद्यातही शिरले.

अंगावरचे कापड

देशाचा पैसा बाहेर जातो आणि देशातील कारागीर उपाशी मरतो, ही तक्रार लोकहितवादींनी पूर्वीच मांडली होती. रानड्यांनी पुण्यात व्यापारावर व्याख्याने दिली. काकांनी विचार पटताच तो आचरणात आणला. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशी कापडच वापरण्याची प्रतिज्ञा केली. ते स्वतः सूत काढीत आणि त्याच सुताचे जाडेभरडे कापड अंगावर घालीत. महात्मा गांधी त्या वेळी अवघे दोन-तीन वर्षांचे होते. खादी ही देशकार्याची खूण होण्यास अद्याप सुमारे पन्नास वर्षे होती. कोर्टातील एका प्रतिष्ठित वकिलाने असे कपडे घालणे म्हणजे चारचौघांत हसे करून घेणेच होते. काकांनी त्याची पर्वा केली नाही.

देशी मालाला गिऱ्हाईक मिळावे म्हणून त्यांनी मंडळी काढली आणि दुकाने उघडविली. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या यांसारख्या रोजच्या वस्तू देशात तयार व्हाव्यात यासाठी त्यांनी खटपट केली. यांतील बरेचसे उद्योग फार काळ टिकले नाहीत. भांडवल अपुरे, अनुभव नाही आणि विलायती माल स्वस्त, अशा तिहेरी अडचणीत ते सापडले. तथापि १९०५ साली स्वदेशीची मोठी चळवळ उठली तेव्हा महाराष्ट्राला तो विचार नवा वाटला नाही, कारण त्याचे बी तीस वर्षांपूर्वीच पडले होते.

या कामात काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचाही वाटा होता. त्यांनी स्त्रीविचारवती सभा चालविली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणून चार नव्या गोष्टी त्यांच्या कानांवर घालण्याचा तो उपक्रम होता.

दिल्ली दरबारात रयतेचा वकील

सभेचे काम पुण्यापुरते मर्यादित राहिले नाही. हिंदुस्थानच्या कारभाराचा अखेरचा निर्णय विलायतेच्या पार्लमेंटात होतो, तर तेथे हिंदी लोकांचे प्रतिनिधी असावेत, अशी मागणी करणारा अर्ज सभेने १८७५ साली पार्लमेंटकडे धाडला. एका शहरातील सभेने हजारो कोसांवरील पार्लमेंटात जागा मागावी, हे अनेकांना धाडस वाटले असेल. रंगो बापूजींनी एका राजासाठी ज्या दारावर धडका दिल्या, त्याच दारावर आता रयतेच्या वतीने अर्ज गेला.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली येथे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी मोठा दरबार भरविला. राणी व्हिक्टोरिया यांनी हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केल्याची द्वाही तेथे फिरावयाची होती. देशभरचे राजेरजवाडे हत्ती, घोडे, जडजवाहीर यांसह आले होते. सार्वजनिक सभेच्या वतीने काका दिल्लीस गेले. त्या झगमगाटात ते आपल्या नेहमीच्या पांढऱ्या स्वच्छ खादीच्या वेषात उभे राहिले. सभेचे मानपत्र त्यांनी बरोबर नेले होते. त्यात राणीसाहेबांचे अभिनंदन होतेच, त्याबरोबरच हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावेत ही मागणीही होती. अभिनंदनाच्या कागदातच हक्काची मागणी घालून देण्यात वकिलाची हुशारी दिसते आणि मुत्सद्द्याची मर्यादाही दिसते. कोणत्याही संस्थानाचा शिक्का हाती नसताना, केवळ लोकांच्या सह्यांच्या बळावर, मराठी मुलखाचा हा वकील दिल्लीस जाऊन आला.

दुष्काळ

दिल्लीत दरबाराची रोषणाई चालली असता दख्खनात माणसे अन्नावाचून मरत होती. १८७६ चा पाऊस गेला होता. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांत पिके जळाली, गुरे कवडीमोलाने विकली गेली आणि गावेच्या गावे ओस पडू लागली. सरकारने दुष्काळी कामे काढली होती. १८७७ च्या आरंभी खर्च कमी करण्यासाठी तेथील मजुरीत काट मारण्यात आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे अर्धा शेर, आणि वर किरकोळ पैसे, एवढ्यावर ठेवण्याचा तो बेत होता. हजारो मजुरांनी काम सोडून दिले.

या प्रसंगी सार्वजनिक सभेने केलेली कामगिरी महाराष्ट्राने कायम स्मरणात ठेवावी अशी आहे. सभेने आपली माणसे गावोगाव पाठविली. कोणत्या तालुक्यात पाऊस किती, धान्याचा भाव काय, कामावर माणसे किती, गुरे किती उरली, कोठे उपासमार आहे, ही माहिती जमवून सभा सरकारकडे एकामागून एक पत्रे धाडीत राहिली. दुष्काळाविषयी सरकारी कागदांत एक चित्र असे आणि गावात दुसरेच दिसे. सभेच्या पत्रांमुळे ते दुसरे चित्र लेखी स्वरूपात नोंदले गेले. पर्वतीच्या हिशेबापासून सुरू झालेली तपासणीची सवय आता उपाशी माणसांच्या उपयोगी पडली. १८७८ साली सभेने आपले त्रैमासिक सुरू केले आणि अशा प्रश्नांचा अभ्यास त्यातून नियमाने प्रसिद्ध होऊ लागला.

कठीण वकीलपत्र

काकांच्या वकिलीतील सर्वांत कसोटीचा प्रसंग आयुष्याच्या अखेरीस आला. दुष्काळातील हालांनी आणि परकीय सत्तेविषयीच्या संतापाने पेटून वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली बंड उभारले. फडके हे शिरढोणचे, पुण्यात लष्करी हिशेब कचेरीत नोकरीस असलेले गृहस्थ. रामोशी व इतर साथीदारांच्या बळावर त्यांनी सरकारास काही महिने हैराण केले. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सरकारचा संशय शहरातील पुढाऱ्यांकडे वळला. रानड्यांची बदली धुळ्यास झाली. सार्वजनिक सभेशी संबंध असणे हाच एक गुन्हा वाटावा असे दिवस आले.

जुलै महिन्यात फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारचा रोष स्वतःवर ओढवून घेणे. काकांचा मार्ग अर्ज, सभा आणि कायदा यांचा. फडक्यांचा मार्ग शस्त्राचा. दोघांच्या वाटा अगदी भिन्न होत्या. तरीही आरोपीस वकील मिळाला पाहिजे आणि त्याची बाजू नीट मांडली गेली पाहिजे, हे काकांनी आपले कर्तव्य मानले. त्यांनी फडक्यांचे वकीलपत्र घेतले व कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले. निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला. फडक्यांस जन्मठेपेची शिक्षा झाली, त्यांना एडनला नेण्यात आले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. ते पाहण्यास काका राहिले नव्हते.

अखेर आणि वारसा

२५ जुलै १८८० रोजी काकांनी इहलोकीची यात्रा संपविली. बावन्न वर्षांच्या आयुष्यातील शेवटची दहा वर्षे त्यांनी सभेला दिली होती. सभा, स्वदेशी, लवाद कोर्ट, दुष्काळाची पाहणी, दिल्लीचा दरबार, फडक्यांचा खटला ही सारी कामे त्या दहा वर्षांतली आहेत.

त्यांच्यामागे सभा चालू राहिली. १८८५ साली राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे ठरले होते आणि त्याची तयारी सार्वजनिक सभेनेच केली होती. पुण्यात पटकीची साथ आल्यामुळे ते ऐनवेळी मुंबईस हलवावे लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तरुणपणी याच सभेचे चिटणीसपद सांभाळले. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी सभेमार्फत गावोगाव माणसे धाडली आणि पीक बुडाले असता सारा तहकूब होण्याचा शेतकऱ्याचा हक्क त्याला समजावून दिला. काकांनी वीस वर्षांपूर्वी घालून दिलेलीच ती वाट होती. या वेळी सरकारने रागावून १८९७ साली सभेची मान्यता काढून घेतली. लोकांची सभा सरकारला खुपली, यातच तिच्या कामाचे मोल दिसून येते.

मराठी माणसाच्या बोलण्यात सार्वजनिक हा शब्द आज इतका रुळला आहे की तो कोठून आला याचा विचार कोणी करीत नाही. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक उत्सव असे आपण सहज म्हणतो. जे एकाचे नाही, सर्वांचे आहे, त्याची काळजी सर्वांनी वाहावी आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर असावा, हा त्या शब्दाचा खरा अर्थ. काकांनी तो देवस्थानाच्या कारभारापासून शिकविण्यास सुरुवात केली.

देवालय दगडचुन्याने उभे राहते, आणि गावाच्या विश्वासाने टिकते. देणगी एक रुपयाची असो की लाखाची, ती देवापुढे ठेवली गेली की सारख्याच योग्यतेची होते आणि तिचा जमाखर्च सर्व गावापुढे मांडण्याची जबाबदारी पंचांवर येते. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी पर्वतीच्या पायथ्याशी सुरू झालेल्या त्या सार्वजनिक कार्याचे आणि लोकांच्या त्या निःस्वार्थ वकिलाचे स्मरण ग्रामस्थांना व दात्यांना मार्गदर्शक ठरो.